दुसरी बादली

त्या कमोडला पाइपच नव्हता. फरशीवर नुसता ठेवलेला, खाली सिमेंटचे चार ठिपके, बस. टाकीत पाणी नाही, भिंतीत नळ नाही. नळ म्हणून जे चमकतं ते टाइलवर दोन स्क्रूंनी बसवलेलं. अकरा वर्षं मी असे कमोड मांडत आले आणि अकरा वर्षांत त्यांच्यात धुळीपलीकडे काही पडलं नव्हतं. त्या रविवारी चार वाजता, बघ्यांची गर्दी ओसरल्यावर, मी सवयीनं झाकण उचललं तर आत घाण होती. ताजी, पिवळट, लहान मुलाची असते तशी, आणि तिच्याभोवती थोडं ओलं, ज्याला वाहून जायला वाटच नव्हती. ज्यानं केली त्यानं, किंवा त्याच्या आईनं, झाकण मात्र नीट लावलं होतं. म्हणजे कळलेलं होतं. बटण दाबलं असेल, ते नुसतं टक्‌ वाजलं असेल, मग मायलेकरांनी एकमेकांकडे पाहिलं असेल, आणि आपलं ठेवावं झाकून या न्यायानं पसार. मी झाकण सोडलं, बाहेर आले आणि बैठकीच्या खोलीत मेणाच्या सफरचंदांसमोर तोंडावर हात दाबून उभी राहिले.

सॅम्पल फ्लॅट मांडणं हा माझा धंदा. शहराबाहेर मोकळ्या जमिनीवर इमारतीचा पायासुद्धा पुरता भरलेला नसतो, तेव्हा कंपनी तिथे एक एकटंच घर उभं करते, लोकांनी बघावं म्हणून, आणि आत संसार मांडायला मला बोलावते. घर पाहावं बांधून म्हणतात. आमच्याकडे नुसतं मांडून. या धंद्यातली पहिली गोष्ट, जी बाहेर कुणाला सांगायची नसते, ती अशी की सगळं थोडं लहान करायचं. पलंग सव्वापाच फुटांचा. सोफा हातभर कमी. कपाट इतकं उथळ की हँगर आडवा जात नाही, म्हणून कपडे तोंड पुढे करून टांगायचे. खोल्यांना दारं लावायचीच नाहीत, कारण दार उघडलं की जागा खातं. मग माणूस आत येतो आणि म्हणतो, अरे वा, ऐसपैस आहे. पुस्तकांत पानं नसतात, टीव्हीत तार नसते, कचऱ्याच्या डब्याचं झाकण चिकटवलेलं असतं. आणि एक खोली मुलाची. ती करण्यात माझा हात कुणी धरू शकत नाही असं कंपनीत म्हणतात. मी प्रत्येक फ्लॅटला एक मूल देते. त्याला वय देते, आवडीचा रंग देते, पलंगाखाली मुद्दाम एकच बूट ठेवते, दुसरा हरवलाय असं वाटावं म्हणून. या फ्लॅटमध्ये मी दाराच्या चौकटीवर पेन्सिलनं खुणा केल्या होत्या: चार वर्षं, पाच वर्षं, सहा वर्षं, प्रत्येक खुणेपुढे आईच्या अक्षरातली तारीख. सहा वर्षांची उंची मी अंदाजानं घेतली होती, आणि पलंगाच्या हिशेबानं जरा कमीच. त्या मुलाला शी होत नव्हती. अकरा वर्षांत माझ्या एकाही मुलाला झाली नव्हती.

पाच वाजता नवरा येणार होता. तसा तो याआधीही दोनदा येऊन गेला होता, पण आज गिऱ्हाईक म्हणून. चौथा मजला की सहावा, पूर्वेची खिडकी की बागेची, ते आज ठरवायचं आणि उद्या सकाळी अर्जावर दोघांनी सह्या करायच्या. आमचं लग्नानंतर चौथ्या वर्षी ठरलं होतं, आधी घर मग मूल. म्हणजे त्यानं म्हटलं, या घाणीत मूल वाढवायचं नाही, आणि मी म्हटलं, बरोबर आहे. इतकं पटकन म्हटलं की माझं मलाच नवल वाटलं. त्यालाही आता सात वर्षं झाली. मला छत्तिसावं चालू आहे. मागच्या महिन्यात डॉक्टरीणबाई माझे कागद बाजूला सारत म्हणाल्या, "घरबिर नंतर बघा हो. मूल हवंय का, तेवढं सांगा. हवं असेल तर हे वर्ष." मी म्हटलं, "घर झालं की लगेच." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. तो चष्मा माझ्या नवऱ्याच्या दुकानातला होता.

आमच्या दोन खोल्या शहराच्या ऐन मध्यात, एका लाँड्रीच्या डोक्यावर आहेत. खालून दिवसभर वाफ येते, त्यामुळे भिंती बारा महिने कोमट आणि ओल्या. हात टेकला तर अंगाला अंग लागल्यासारखं वाटतं. जिन्याच्या कोपऱ्यांत थुंकीचे थर आहेत, जुन्यावर नवे. संडास बोळकंडीच्या टोकाला, तीन बिऱ्हाडांत एक. वरच्या टाकीची साखळी तुटून नऊ वर्षं झाली, म्हणून दाराशी नळ आणि नळाखाली बादली. पलीकडच्या खोलीत एक म्हातारे राहतात, त्यांचं खरं नाव पाटीवरून केव्हाच गेलंय, आम्ही त्यांना खाकरेआजोबा म्हणतो. पहाटे सहाला ते छातीच्या तळापासून काहीतरी खरवडून वर आणतात, आणि भिंतीच्या या बाजूला माझा चहाचा घोट घशात थांबतो. ब्रश ठेवायच्या पेल्यात झुरळ. सामायिक मोरीच्या जाळीत तिसऱ्या बिऱ्हाडाच्या बाईचे लांब केस, ती डोकं धुते त्या दिवशी. मला या सगळ्याची किळस येते. येते म्हणजे सवय झाली असं म्हणणाऱ्यांतली मी नाही, मला रोज नव्यानं येते. पण नवऱ्यासारखी मी ती बोलून दाखवत नाही. तो घरी आला की दारातच नाक मुरडतो, रुमाल काढतो आणि म्हणतो, "आजचा मेनू काय? कोबी, ओले मोजे आणि खाकरे." मग आम्ही हसतो. त्या हसण्याचीही अलीकडे मला किळस येऊ लागली होती.

आणि बाहेरची, या नव्या वस्तीची? तिची तर जास्तच येते, पण ती कुणाला सांगण्याची सोय नाही, कारण ती माझीच करणी. सरसाचा वास, कच्च्या प्लायवूडचा वास, प्लास्टिकच्या हिरवळीवर ऊन पडलं की सुटतो तो वास. रविवारी माणसं बूट काढून आत येतात आणि त्यांच्या मोज्यांचे ओले ठसे माझ्या फरशीवर उमटतात. बायका खणात नाक घालून हुंगतात. पुरुष भिंतीवर बोटांनी टकटक करतात, फार कळतं असा चेहरा करून. जोडपी सव्वापाच फुटी पलंगाच्या काठावर बसतात, गादी दाबून बघतात आणि एकमेकांकडे बघून असं हसतात की मी मान फिरवते. एका सफरचंदावर दातांचे ठसे आहेत. ते कुणा मोठ्या माणसाचे आहेत. आमचा विक्रीचा माणूस, ज्याला आम्ही हसरा म्हणतो, कारण त्याचे ओठ मिटतच नाहीत, तो दर रविवारी त्या सफरचंदाची चावलेली बाजू भिंतीकडे फिरवून ठेवतो आणि म्हणतो, "ताई, भूक लागावी असं घर केलंत."

चार वाजून दहा मिनिटं झाली होती. मी पुन्हा आत गेले. पाणी म्हणाल तर माझ्या बाटलीत अर्धा लिटर. पुसायला शोभेचा टिश्यूचा रोल, तो खरा निघाला हे नशीब. उचलायला काही नव्हतं, म्हणून दाराजवळच्या चळतीतून कंपनीचं माहितीपत्रक घेतलं. जाड, गुळगुळीत कागद, वर आई, बाप, मूल, तिघंही दात दाखवून हिरवळीवरून धावतायत. ते मधोमध दुमडलं, गुडघ्यांवर बसले आणि श्वास धरला. पहिल्या खेपेला पोटातून उमासा आला, डोळ्यांतून पाणी आलं, मी उठले. दुसऱ्या खेपेला श्वास धरायचं विसरले आणि वास सरळ आत गेला. आंबूस, गोडसर, दुधासारखा. दूध प्यायलं असेल सकाळी. दूध प्यायलंय हे कळल्यावर मला अधिकच मळमळलं, कारण आता ते कुणाचं तरी झालं. त्याला दूध कोणी दिलं, कप कुठला, घाईघाईनं निघताना दुधाची मिशी पुसली का, हे सगळं त्या भांड्यात दिसायला लागलं. अकरा वर्षं मी मुलांना वयं आणि रंग वाटत होते, आणि जे खरं आलं ते हे.

माझा धाकटा भाऊ दीड वर्षाचा असताना त्याला जुलाब लागले होते. मी सात वर्षांची. दोन दिवस आई त्याचंच करत होती, चादरी, दुपटी, फरशी. शेजारीण दारात उभी राहून म्हणाली, "बघ हो, आईला कशी किळस येत नाही." आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "तुलाही येणार नाही, तुझं झालं की." आई हसली. मग भावाला खाली ठेवून ती मोरीत गेली आणि दार लोटून घेतलं. मी फटीतून पाहिलं. ती भिंतीला हात टेकून ओकत होती. आवाज होऊ नये म्हणून नळ सोडला होता. ओकून झाल्यावर तिनं चूळ भरली, पदरानं तोंड पुसलं आणि बाहेर येऊन पुन्हा चादर उचलली. ते मी कुणालाच सांगितलं नाही. मला वाटलं माझ्या आईत काहीतरी कमी आहे, आणि ते माझ्यात उतरलं असणार. लग्न झाल्यावर तर खात्रीच झाली. नणंदेचं बाळ माझ्या खांद्यावर दूध ओकलं तेव्हा मी त्याला जवळजवळ फेकलंच होतं. बाळ परत घेताना सासूबाईंनी ज्या नजरेनं पाहिलं ती मला अजून झोंबते. म्हणून मी सात वर्षांपूर्वी इतक्या पटकन बरोबर आहे म्हटलं. घर मिळेपर्यंत कुणाला कळायचं कारण नव्हतं.

तिसऱ्या खेपेला मी उचललं. किळस कमी झाली म्हणून नव्हे. ती होतीच, घशाशी, आणि हात आपलं काम करत होते. धावणाऱ्या कुटुंबावर ते घेतलं, कागद मिटला, उशीच्या अभ्र्यांचं वेष्टण होतं त्या पिशवीत घातला, गाठ मारली, वर दुसरी पिशवी, पुन्हा गाठ. बाटलीतलं पाणी टिश्यूवर ओतून भांडं तीनदा पुसलं, ते टिश्यूही त्यातच. मग पिशवी हातात धरून उभी राहिले आणि पहिल्यांदा लक्षात आलं की हे टाकायला इथे कुठेच जागा नाही. घरातला डबा चिकटवलेला. बाहेर गल्लीचा देखावा म्हणून मी तीन डबे उभे केले होते, हिरवा, निळा, पिवळा, त्यांना तळच नव्हता, वाऱ्यानं पडू नयेत म्हणून आत विटा. मजुरांच्या संडासाला रविवारी कुलूप, वास येतो अशी गिऱ्हाइकांची तक्रार आली म्हणून. पत्र्याच्या कुंपणापलीकडे भिरकावता आलं असतं, पण फाटकाशी पहारेकरी खुर्ची टाकून माझ्याकडेच तोंड करून बसलेला. दोनशे कुटुंबांची वस्ती होणार होती, आणि चिमूटभर खऱ्या घाणीची सोय नव्हती. मी पिशवी माझ्या पर्समध्ये टाकली. दोन मिनिटं, पहारेकरी चहाला उठेपर्यंत. आणि तेवढ्यात बाहेरून हसऱ्याचा आवाज आला, "या या साहेब, तुमचंच घर आहे."

नवरा वीस मिनिटं लवकर आला होता. नवा शर्ट घातला होता. तो चष्म्याच्या दुकानात डोळे तपासतो; लोकांना खुर्चीत बसवतो आणि अक्षरं वाचायला लावतो. तपासायची खोली जेमतेम दहा फुटांची, आणि अक्षरं वीस फुटांवरून वाचायची असतात, म्हणून समोर आरसा लावतात आणि अक्षरांची पाटी गिऱ्हाइकाच्या डोक्यामागे. माणूस आरशात बघतो आणि त्याला दूरचं दिसतं. लग्नाआधी त्यानं मला त्या खुर्चीत बसवून हे दाखवलं होतं तेव्हा मला फार गंमत वाटली होती. आज तो घरभर फिरत होता, हात मागे बांधून, वरच्या मजल्याच्या वाऱ्याची चौकशी करत. हसरा पुढे पुढे. मी पर्स काखेत घट्ट दाबून मागे.

"इथे काय वास येतोय?" बाथरूमच्या दारात तो थबकला.

"नव्या घराचा, साहेब," हसरा म्हणाला.

"छान आहे," नवरा म्हणाला, आणि त्यानं खरंच छाती भरून घेतला.

मग तो मुलाच्या खोलीच्या दाराशी गेला. मागच्या वेळीही तिथेच रेंगाळला होता. चौकटीवरच्या खुणा त्यानं वाकून वाचल्या, तारखांसकट. चार वर्षं, पाच वर्षं. सहाच्या खुणेशी त्यानं हात आडवा धरला, तळवा खाली, आणि तो हात तसाच किंचित हलवला, केसांवरून फिरवतात तसा. हसरा समजूतदारपणे बाहेर सटकला. नवऱ्याच्या चेहऱ्यावर एक असा मऊपणा आला होता, जो मी आमच्या खोल्यांत कधी पाहिला नव्हता. त्याच्या तळव्याखाली काही नव्हतं. माझ्या अंदाजी खुणेएवढी हवा होती, आणि माझ्या काखेत दोन गाठींखाली जे होतं ते माझ्या बरगडीला कोमट लागत होतं. मला एकदम नवऱ्याची शिसारी आली. त्याची म्हणजे त्या हाताची. आणि लगेच माझी, कारण ती खूण माझीच होती, अक्षरही माझंच.

"गुणी असेल ना गं?" तो म्हणाला. "इथे वाढलं तर."

"चल," मी म्हटलं, "बस चुकेल."

हसऱ्यानं आम्हाला कंपनीच्या गाडीतून बसथांब्यापर्यंत सोडलं. वाटेत त्यानं तीनदा अभिनंदन केलं. थांब्यावर कचऱ्याचा डबा नव्हता. नुसता एक फलक होता, येणाऱ्या वस्तीचा, तेच तिघं धावणारे. बस आली, रिकामीच होती, आम्ही मधल्या बाकावर बसलो, तो खिडकीशी, मी पर्स मांडीवर घेऊन. ऊन उतरलं होतं. दोन्ही बाजूंना खांब, खड्डे, पत्र्याची कुंपणं, मग पुन्हा खांब. तो बोलत होता. सहावा मजलाच घेऊ. आपला पलंग त्या खोलीत मावून वर दोन फूट उरतात, मी नजरेनं मोजलंय. आईला म्हणावं सहा महिने येऊन राहा. आणि एका श्वासात, "पुढच्या वर्षी या वेळेपर्यंत," असं म्हणून तो थांबला आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, पर्सच्या अगदी जवळ. दुरून डोंगर साजरे ही म्हण त्याला मी अनेकदा ऐकवली होती. तेव्हा तो म्हणायचा, म्हणून तर जवळ जाऊन राहू.

बसच्या खिडक्या बंद होत्या. अर्ध्या तासात आत ऊब धरली. मला वास आधी आला, मग त्याला. त्यानं दोनदा नाक ओढलं, बाहेर पाहिलं. लांबवर शहराचे दिवे नुकते दिसायला लागले होते.

"बघ," तो म्हणाला, "आलं तुझं शहर. नाका अजून दोन मैल आहे, पण वास स्वागताला हजर." आणि त्यानं खिशातून रुमाल काढला.

मी गप्प बसू शकले असते. सात वर्षं बसलेच होते. उद्या सही करून मोकळी झाले असते, मग पडदे, मग गृहप्रवेश, मग आणखी काही निमित्त. पण त्याचा तो रुमाल बघून माझ्या डोक्यात तिडीक गेली. ज्या गावानं निदान आपली घाण दाखवली, त्याच्या नावावर दुसऱ्याचं पाप घालायचं?

"तो शहराचा वास नाही," मी म्हटलं.

"मग काय माझ्या बुटांचा?"

"माझ्या पर्समध्ये आहे."

तो हसला. मग माझ्याकडे बघून हसू थांबवलं. "काय आहे?"

"शी. लहान मुलाची."

"कुणाच्या?"

"माहीत नाही. दुपारी कुणीतरी आपल्या घरात करून गेलं. त्या कमोडला पाइप नाही, डब्याला तळ नाही. टाकायला जागा नव्हती, म्हणून घेऊन आले."

तो उठला. शांतपणे माझे गुडघे ओलांडून बाहेर आला आणि पार पुढे, चालकाच्या मागच्या बाकावर जाऊन बसला. मला त्याची मान दिसत होती आणि कानामागून रुमालाचं टोक. मी बसून राहिले. रडू येईल असं वाटलं, पण आला राग. हा माणूस चौकटीवरच्या खुणेला कुरवाळतो आणि खरं पोर नुसतं वासानं आलं तर चार बाकं पळतो. आणि मी? मी नणंदेचं बाळ फेकलं होतं. घ्या, शोभतो जोडा. मूल हवंय का तेवढं सांगा, डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, आणि मी घराचं उत्तर दिलं होतं. उमासे गिळत, नाकातोंडातून पाणी काढत मी आज ते उचललं होतं, हातानं, कुणी सांगितलेलं नसताना, आणि मधे सोडून दिलं नव्हतं. आईनं तरी यापेक्षा वेगळं काय केलं होतं? तिच्यात काही कमी नव्हतं. तिलाही किळस येत होती, इतकंच होतं ते, आणि ती परत बाहेर येत होती. हे कळायला मला अठ्ठावीस वर्षं लागली. बसमध्ये माझा ऊर असा भरून आला की मी पर्सवर दोन्ही हात ठेवले, तिच्यात काय आहे हे ठाऊक असूनही.

दोन थांबे गेले. नाक्यावर माणसं चढली. नवरा उठला, बाकांना धरत मागे आला आणि उरलेल्या जागेत माझ्या शेजारी बसला. रुमाल नाकावर तसाच.

"किती वर्षांचं असेल?" त्यानं रुमालातून विचारलं.

"तीनचं. साडेतीन."

"खुणेला नसेल लागत."

"नाही. त्या खुणाही खोट्या आहेत. पलंगसुद्धा सव्वापाच फुटांचाच आहे. आपला मावणार नाही तिथे. सगळं घर लहान केलेलं आहे, मी केलंय."

त्यानं रुमालाची घडी बदलून पुन्हा नाकाला लावली. "माहीत आहे," म्हणाला. "पहिल्या रविवारी तू बाहेर होतीस तेव्हा मी आडवा होऊन बघितलं. पाय बाहेर लोंबले."

"आणि मघाशी म्हणालास दोन फूट उरतात!"

"तुला ते घर आवडलंय असं वाटलं. इतकं मन लावून मांडलंस." मग म्हणाला, "आणि मी काय, दहा फुटांच्या खोलीत वीस फूट दाखवणारा माणूस. मला चालतं."

एरवी मी हसले असते. "मला नाही चालत," मी म्हटलं. माझा आवाज मोठा झाला, पुढच्या बाकावरच्या बाईनं मागे पाहिलं. "मला तो फ्लॅट नको. चौथा नको, सहावा नको. मला मूल हवंय. या वर्षी, त्या दोन खोल्यांत, खाकरेआजोबांच्या भिंतीला लागून. मला त्याची किळस येणार आहे, आत्ताच सांगते. त्याच्या शीची, ओकारीची, नाकाची, सगळ्याची. तरी मी करीन. तुला येणार असेल तर येऊ दे. पण तू उठून पुढच्या बाकावर जाणार असशील तर तसं आजच सांग, म्हणजे मीही वाट बघणार नाही."

बस शहरात शिरली होती. दुकानांचे दिवे त्याच्या चेहऱ्यावरून सरकत होते आणि रुमालामुळे मला तो चेहरा वाचता येत नव्हता. आमच्या थांब्यावर तो माझ्याआधी उतरला आणि उभा राहिला. लाँड्रीचं शटर अर्धं खाली होतं, वाफ अजून येत होती. जिन्यात कुणीतरी ताजं थुंकलं होतं. आम्ही दोघांनीही एकाच पायरीवर पाय उचलून पुढे टाकला, न बघता, पाठ असल्यासारखा.

मी घरात न जाता सरळ बोळकंडीच्या टोकाला गेले. संडासाचं दार पायानं ढकललं, दिवा लावला, पर्समधून पिशवी काढली, गाठी सोडल्या. वास उसळला. घशाशी आलं, भिंतीला हात टेकला. ओकले, थोडंसंच. मग कागद उलगडला आणि त्या धावणाऱ्या तिघांवरचं सगळं खाली भांड्यात सोडलं. पाठीमागे नळाचा आवाज आला. बादली भरत होती. वळून पाहिलं तर नवरा दारात उभा होता, नव्या शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या, रुमाल दातांत धरलेला, एका हातानं नाक दाबलेलं आणि दुसऱ्या हातात बादली, तिच्या वजनानं एका अंगाला झुकलेला.

"सरक," तो रुमालातून म्हणाला.

मी सरकले. त्यानं तोंड भिंतीकडे फिरवलं, नाकावरचा हात काढून बादलीच्या बुडाला लावला आणि पाणी ओतलं. अर्धं बाहेर सांडलं, त्याच्या बुटांवर आणि माझ्या पायांवर. पलीकडच्या खोलीत खाकरेआजोबा छातीच्या तळापासून खाकरले. नवऱ्याला उमासा आला, तो वाकला, डोळ्यांत पाणी घेऊन तसाच थांबला. मग त्यानं मान वळवून भांड्यात पाहिलं.

"गेलं नाही," तो म्हणाला, आणि दुसरी बादली भरायला वळला.